इंदूरजवळ, जाम दरवाजाच्या अलीकडची वाट: जिप्सी, मोठे टायर आणि बाक दिलेल्या कमान्या

दगड तिथेच होता. वाटेच्या मधोमध, बसलेल्या बैलाच्या पाठीएवढा. गेल्या वर्षी, मोठे टायर घालण्याआधी, आमच्या मारुती जिप्सीच्या मागच्या डिफरन्शियलने (आसाच्या मधला गिअरचा गोळा) त्याच्या माथ्यावर काळी रेघ ओढली होती, ती पावसाने फिकी झाली होती इतकंच. मावसभाऊ उतरून पुढे उभा राहिला. मी ट्रान्सफरचा दांडा फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी) टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी वर घेतली. डिफरन्शियलचा गोळा बरोबर दगडावर आला तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं, खाली आडवा झाला आणि मध्ये बोट घातलं. जेमतेम एक बोट जाईल एवढी फट. पण होती.

ही फट कुठून आली ते आधी सांगतो. गाडी उंच करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो, आणि मीही चुकलो होतो. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच कडक) अ‍ॅक्सल आहे. कमान्यांना (लीफ स्प्रिंग, पुण्या-मुंबईकडे पाटे म्हणतात) कितीही उंची दिली तरी वर जाते ती बॉडी आणि चासी. अ‍ॅक्सल आणि त्याच्या मधला गोळा चाकाच्या आसाशी बांधलेला, तो तिथेच राहतो. गोळा जमिनीपासून वर उचलतो फक्त टायर, आणि तोही टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मा. कंपनीचा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मि.मी. उंच भरतो, २१५/७५ आर १५ सुमारे ७०३ आणि २३५/७५ आर १५ सुमारे ७३३. म्हणजे २१५ घातला तर गोळ्याखाली साधारण १८ मि.मी. मिळतात, २३५ घातला तर ३३. कमान्यांची उंची लागते ती मोठा टायर मडगार्डला घासू नये म्हणून, आणि चढाच्या माथ्यावर पोट टेकू नये म्हणून.

गेल्या वर्षी मला हे कळत नव्हतं. गावातल्या एका दुकानातून २३५ चे टायर आणि सोबत दोन इंच लांब शॅकल (कमानीचं टोक चासीला टांगणारा दुवा) बसवून घेतले. एका दुपारचं काम. दिसायला गाडी देखणी झाली होती, हे मान्य. पण इंदूरच्या बायपासवर ६० च्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायला लागायचं, आणि एखादा खड्डा लागला की ती थरथर थांबायलाच तयार नसायची, ब्रेक मारून वेग पार खाली आणावा लागे. बायको शेजारी बसली होती तेव्हा एकदा असं झालं. त्यानंतर मी ती गाडी बायपासवर नेली नाही.

कारण साधं होतं, पण ते सांगणारा माणूस भेटायला चार महिने लागले. जिप्सीच्या पुढच्या कमानीचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की कमानीचं पुढचं टोक चासीपासून खाली जातं आणि अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलतो. चाकाचा वळण्याचा आस वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेला असावा लागतो, त्यालाच कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो आणि म्हणून ती सरळ चालते, तसंच हे. अ‍ॅक्सल पुढे कलला की कॅस्टर कमी होतो, चाकं आपणहून सरळ येत नाहीत, आणि त्यात जड टायर लावला की थरथर सुरू. ज्यांना लांब शॅकल ठेवायचेच आहेत त्यांनी अ‍ॅक्सल आणि कमानीच्या मध्ये स्टीलची पाचर घालून अ‍ॅक्सल परत मागे कलवून घ्यावा. जिप्सीत कमानी अ‍ॅक्सलच्या खाली असते, तेव्हा पाचरीची जाड बाजू पुढे. नंतर अलाइनमेंटवाल्याकडे कॅस्टर मोजून मागावा. बरेच जण फक्त टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळली आहेत ते) बघून गाडी बाहेर काढतात.

मी मात्र ते सगळं काढून टाकलं. हे कारण सांगणाऱ्या त्या जुन्या मिस्तरींनी, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो, गाडीकडे मागून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "भिया, ऊंची बाद में करना, पहले सीधी तो कर लो."

टेप लावला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी. उजवी मागची बाजू डावीपेक्षा २२ मि.मी. खाली बसलेली. मग ओळखीतल्या एका कमी चाललेल्या जिप्सीची तीच मापं घेतली, तर माझी गाडी पुढे एक इंच आणि मागे त्याहून जास्त खाली. मी दोन इंच उंची विकत घ्यायला निघालो होतो, आणि त्यातली निम्मी तर माझ्याच कमान्यांनी वर्षानुवर्षं गमावलेली होती. हे माप कुठल्याही जुन्या जिप्सी-बोलेरोवाल्याने खर्चाआधी घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

कमान्या उतरवून लोहामंडीच्या बाजूला एका कमानीवाल्याकडे नेल्या. तिथे मी दीड दिवस बसलो आणि तो दीड दिवस मला फार आवडला. म्हाताऱ्या कारागिराने प्रत्येक पट्टा सुटा केला, गंज घासला, तडा आहे का ते बघायला हातोडीने ठोकून आवाज ऐकला. एक पट्टा 'टण्ण' न वाजता 'टक' वाजला. तो बाजूला ठेवला. सेंटर बोल्टच्या (सगळे पट्टे मध्ये एकत्र धरणारा बोल्ट) भोकापाशी केसाएवढी रेघ होती. बाकीच्या पट्ट्यांना ऐरणीवर थंडच ठोकून बाक दिला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, घाव अंगठ्याएवढ्या अंतरावर, आणि दर काही घावांनंतर पट्टा जमिनीवर काढलेल्या खडूच्या रेघेवर ठेवून पाहायचा. थंडच, हे महत्त्वाचं. भट्टीत लाल करून वाकवणारेही आहेत. तसा पट्टा लवकर वाकतो आणि तितक्याच लवकर परत बसतो, कारण त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, गेलेलं असतं.

बसवताना यू-बोल्ट (कमानी आसाला आवळणारे) नवे, सेंटर बोल्ट नवे, बुश (कमानीच्या टोकांतली रबरं) नवे. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की तो दुसऱ्यांदा तसा धरत नाही. बुश घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकलेली असताना नाही. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. खर्च दोन टायरांपेक्षाही कमी आला.

टायर मग २१५/७५ चे घेतले. माझ्या रिमवर साडेपाच इंचाचा छाप आहे. २१५/७५ ला साडेपाच ते सात इंच रुंद रिम चालतो, २३५/७५ ला निदान सहा लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसतो, पण कडा आत ओढल्या जातात आणि हवा कमी केली की टायर रिमवरून सुटायचा धोका वाढतो. घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीच्या टायरपेक्षा कमी नाही ना, तेवढं बघा. मीटर आता सुमारे पाच टक्के कमी दाखवतो: काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६३ ला असते. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात, म्हणून अ‍ॅव्हरेज घसरल्यासारखं वाटतं ते सगळंच खरं नसतं. चढावर फरक जाणवतो. तेराशे सीसीच्या इंजिनाला २३५ ओढताना घाटात दुसऱ्यात यावं लागायचं, २१५ तिसऱ्यात जातो.

आता वाट.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) होऊन आठवडा झाला होता, पाऊस उघडून तीन दिवस. इंदूरच्या राजेंद्रनगरहून पहाटे साडेपाचला निघालो, राऊवरून महू, तिथे पोहे-जलेबी, पोह्यांवर शेव आणि जिरावण मागून घेतलं. महूपुढे मंडलेश्वरच्या रस्त्याने जाम दरवाजाकडे. अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, १७९१ सालचा हा दरवाजा माळव्याच्या पठाराच्या अगदी काठावर उभा आहे. इथून पुढे विंध्याची उतरण आणि खाली निमाडचं मैदान. पावसाळ्यात सकाळी धुकं इतकं असतं की दरवाजा हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. शनिवार-रविवारी गर्दी फार, म्हणून आठच्या आत पोचावं.

आमची वाट दरवाजाच्या बरीच अलीकडे सुटते. ती मावसभावाच्या सासऱ्यांच्या शेतात जाणारी बैलगाडीची वाट आहे, म्हणून ठिकाण लिहीत नाही. त्या भागात अशा वाटा पुष्कळ आहेत, पण बहुतेक कुणाच्या तरी शेतातून जातात आणि काही जंगलात शिरतात. शेतवाल्याला विचारून जा, जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नका. त्या वेळी सोयाबीन कापणीला आलेलं असतं. वळायला जागा नाही म्हणून कुणाच्या उभ्या पिकात चाक घातलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर ती वाट सगळ्यांसाठी बंद झाली.

पहिला अर्धा किलोमीटर काळी माती. टायर कितीही मोठा असो, ओल्या काळ्या मातीत तो हरतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोटा होतो. माझी परीक्षा सोपी आहे: खाली उतरून दहा पावलं चालायचं. बुटाच्या तळाला भाकरीएवढी माती चढली तर गाडी तिथेच ठेवायची. या वेळी चढली नाही. ऑल-टेरेन टायर मी मुद्दाम घेतले, कारण माझी गाडी बहुतेक डांबरावरच चालते. चिखलाचे मड-टेरेन टायर काळ्या मातीत जास्त टिकाव धरतात, पण डांबरावर त्यांचा आवाज आणि पावसातली कमी पकड मला परवडत नाही.

मग मुरूम, आणि त्यापुढे बेसॉल्टचे दगड. इथे हवा २६ पॉइंटवरून (म्हणजे पीएसआय) १८ वर आणली. टायर दगडाला धरून चालतो, अंगाला धक्के कमी बसतात. पण हवा काढली की टायर बसतो, आणि आपण कमावलेल्या १८ मि.मी. पैकी काही परत जातात. म्हणून वर लिहिलेली बोटाची फट.

दगडानंतर एक नाला आहे, तिरकस काठाचा. तिथे एक चाक पूर्ण वर दाबलं गेलं आणि समोरचं लटकलं. गाडी तशीच उभी करून आम्ही दोघांनी चारही कोपरे पाहिले. ब्रेकचा होज लटकणाऱ्या चाकाकडे ताणला जातो का, टायर मडगार्डच्या आत घासतो का. पुढच्या डाव्या मडगार्डच्या मागच्या कडेला चकाकणारी एक पट्टी उमटली होती, नखाएवढी. तेवढा पत्रा आता आत वळवून घ्यायचा आहे. घरी ही तपासणी मातीच्या ढिगाऱ्यावर एक चाक चढवून करता येते. मी केली नव्हती. करायला हवी होती.

दुसरी चूक परतताना कळली. मागच्या उजव्या टायरची बाजू एका धारदार दगडाने कापली, दोन इंच. असा काप पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. आणि मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी होती जुन्या मापाची, २०५ ची. पाचवा टायर वाचवला होता मी. एकाच अ‍ॅक्सलवर दोन मापांची चाकं असली की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, आणि फोर-व्हीलमध्ये तर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना पिळतात. शेवटी पुढचं चांगलं चाक काढून मागे लावलं, लहान चाक पुढे, दोन्ही हब (पुढच्या चाकांच्या मधली कुलपं) हाताने फिरवून मोकळे केले म्हणजे पुढची चाकं आतल्या शाफ्टपासून सुटली. बाकीची वाट टू-व्हीलमध्येच काढली, डांबर लागण्याआधी हवा परत भरली. बारा व्होल्टचा छोटा पंप आणि एक साधा हवेचा गेज सोबत असतोच. राजेंद्रनगरपर्यंत ४० च्या वर गेलो नाही. स्टिअरिंग सारखं एका बाजूला ओढत होतं आणि ब्रेक मारताना जास्तच. महेश्वरला जाऊन घाटावर बसायचं ठरवलं होतं, ते राहिलं.

कागदांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं आहे. लांब शॅकल, दोन-चार इंची लिफ्ट, मडगार्डबाहेर आलेले टायर हे सगळं त्यात धरलं जाऊ शकतं. खासगी गाडीची १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना तपासणी होते, तिथे हे डोळ्यांत भरतं. अपघात झाला तर विमावाला आधी तिथेच बोट ठेवतो. कमान्यांना मूळ बाक परत देणं ही दुरुस्ती आहे, म्हणूनही मला तो मार्ग बरा वाटला. टायरचं माप बदलण्याआधी मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि त्यांचं उत्तर जपून ठेवलं आहे. ज्यांना याहून जास्त करायचं आहे त्यांनी आधी आरटीओत विचारावं.

रविवारी सकाळी गाडीखाली शिरून आठही यू-बोल्टांचे नट पाना लावून पाहिले. सहा बोल्टांचे जागेवर होते, मागच्या दोन बोल्टांचे जवळजवळ पाव फेरा आले. नव्याने बसवलेल्या कमान्यांवर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर हे करावंच लागतं. आता कापलेल्याच्या जागी एक आणि स्टेपनीला एक असे २१५ चे दोन टायर सांगून ठेवले आहेत, आणि मावसभावाने दसऱ्यानंतरचा रविवार धरला आहे.