दोन ते चारचा पहारा

माघ शुद्ध दशमी.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातील सप्ताहात रात्री दोन ते चार हा वीणेचा पहारा वर्षानुवर्षे आबांकडे आहे. यंदा ते पुण्याला दवाखान्यात आहेत, सोमवारी त्यांची बायपास ठरली आहे. "इथे धाकटा आहे, तू पहाऱ्याला उभा राहा," असे त्यांनीच बजावले, म्हणून मी गावी आलो. खरे सांगायचे तर थोडा चिडूनच आलो.

सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नसते. पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो, देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम पुढे चालू राहते. आबांच्याच वयाचे एक गृहस्थ माझ्यापुढे वाकले तेव्हा मी अगदी ओशाळून गेलो.

पहिला अर्धा तास तोंडाने 'राम कृष्ण हरी' चालले होते आणि मनात रक्ताच्या बाटल्या, पैशांची जुळवाजुळव आणि संमतीपत्रावर सही करताना डॉक्टरांनी समजावलेली जोखीम. मंडपात टाळकरी दोनच, तेही पेंगुळलेले. पट्टा खांद्याला काचू लागला तसे माझे लक्ष हळूहळू त्या काचण्यावर आणि तारेवरच्या बोटावर आले. माझ्या आधी कोणी उभे होते, चारला दुसरे कोणी येणार होते. माझ्या वाट्याला दोनच तास होते. रक्ताची सोय झाली होती, पैसे भरले होते, आणि त्यापुढचे जे मी आठवडाभर उराशी धरून बसलो होतो, ते माझ्या हातचे कधी नव्हतेच.

'असेल माझा हरी' ही म्हण आमच्याकडे आळशाला लावतात, ते रास्तच आहे. पण आबा बरे होतील असे वचन मला रात्री मिळाले, असेही मी लिहिणार नाही. गुरू बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना हाच 'राम कृष्ण हरी' मंत्र स्वप्नात दिला तो माघ शुद्ध दशमीलाच, असे तुकोबांच्याच अभंगात आहे. आणि त्याआधी, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात, त्यांची थोरली बायको अन्नावाचून गेली होती, मुलगा गेला होता, व्यापाराचे दिवाळे निघाले होते. घर सुखरूप राहिले म्हणून त्यांनी देवावर हवाला टाकला, असे काही झालेले नाही. हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो, कळले मात्र रात्री तीनच्या सुमारास, खांदा दुखत असताना.

चारला पुढचा विणेकरी आला. मी खांबाला टेकून जरा बसलो. काकड आरती झाली, प्रसाद वाटला गेला, तरी मी जागा झालो नाही, असे मंडळी सकाळी हसत सांगत होती; कोणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली होती, आणि फोन वळकटीत कुठेतरी खाली राहिला होता.