एसटीच्या खिडकीतलं ऊन

मंगळवार, रात्री

हातांच्या इसबावर उजेडाचा उपचार चाललाय, आज त्याची १४वी सिटिंग झाली. पालशेतहून चिपळूणपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि हात उजेडाखाली ठेवायचे ते जेमतेम साडेतीन मिनिटं. पहिल्या खेपेला तर मिनिटभरही नव्हतं. मला वाटलं मशीन बंद पडलं.

सासूबाईंना हे पटत नाही. "अगो, अंगणात एवढं ऊन पडलंय, त्यासाठी तिकीट कसलं काढतेस? सोलं वाळत घालतो तिथेच हात वाळत घाल." सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. उन्हाला काय तोटा आमच्याकडे!

पण तिथला उजेड मोजून देतात. आधी हातांना सोरालेनचं लोशन लावायचं, अर्धा तास गप्प बसायचं, मग काळा गॉगल चढवून खोक्यात हात घालायचे. आत जांभळट उजेडाच्या नळ्या. सोरालेनने कातडी यूव्हीए किरणांना (उन्हातलेच, डोळ्यांना न दिसणारे) हळवी होते, आणि ते किरण आतली इसबाची आग दडपतात. तळव्याची कातडी जाड असते, उन्हातले दुसरे ते यूव्हीबी किरण तितके खोल जात नाहीत, म्हणून मला हा प्रकार. भाजलं तर लगेच कळत नाही, दोन-तीन दिवसांनी वर येतं. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार, मध्ये खाडा. दिवाळीत आठवडा बुडला (अनारसे कोण करणार?), तर डॉक्टरीणबाईंनी उजेडाची वेळ पुन्हा कमी केली.

हे सोरालेन बावचीच्या बियांत असतं, हे ऐकून मी चाटच पडले. कोडावर बावची लावतात हे आजीच्या तोंडून ऐकलेलं. "मग घरीच बावचीचं तेल लावून उन्हात बसले तर?" म्हणून विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून असं बघितलं की पुढचं गिळलं. फोड येतील म्हणाल्या. लिंबं पिळून तेच हात उन्हात नेले तरी भाजतं, असंही सांगितलं. पर्यटकांना सरबत करून देणारी मी, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गंमत परतीच्या वाटेवर. लोशन लावल्यावर दिवसभर हातांना ऊन लागता कामा नये, आणि यूव्हीए काचेतूनही येतात. म्हणजे खिडकी लावून उपयोग नाही. मी पांढरे सुती हातमोजे घालून, वर पदर ओढून बसते. शृंगारतळीपाशी कंडक्टर म्हणाला, "ताई, मेंदी लपवताय काय?" म्हटलं, हो, रंगायचीय अजून.

पाच वर्षं मलमं चोपडली. स्टिरॉइडचं मलम लावलं की आठ दिवसांत हात मऊ, सोडलं की पुन्हा चिरा, पाणी, रात्रभर खाज. मागच्या वर्षी एका डॉक्टरने तेच मलम महिनोन् महिने लावायला सांगितलं आणि बोटांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. तो राग अजून गेलेला नाही. आता डावा तळवा जवळजवळ कोरा झालाय. उजव्या अंगठ्याची चीर मात्र हटून बसलीय. २५-३० सिटिंग लागतील म्हणतात. जन्मभर घ्यायचा हा उपाय नव्हे, सिटिंग फार झाल्या तर कातडीच्या कॅन्सरची भीती असते, म्हणून माझ्या वहीत प्रत्येक खेपेची तारीख आणि मिनिटं लिहून ठेवते.

आणि घरी आल्यावर? खानावळ. बांगडे, कोळंबी, भांडी, साबण. दिवसभर हात ओले राहिले तर उजेड काय करणार, असं डॉक्टरीणबाई दर खेपेला ऐकवतात. आत सुती, वर रबरी मोजे घालून भांडी निभतात. कोळंबी नाही सोलता येत, तिथे नखच लागतं. आता ते काम नवऱ्याकडे दिलंय. तो कोळंबीतला काळा धागा अर्धा आतच ठेवतो, मी बघून न बघितल्यासारखं करते.

संध्याकाळी रेशनला गेले होते. मशीनवर अंगठा लावला, नाही घेतला. पुसून लावला, नाही. डाव्या हाताचा लावून बघा, दुकानदार म्हणाला, तोही नाही. तळवा बरा झाला तरी अंगठ्यावरच्या रेघा अजून परत आलेल्या नाहीत. शेवटी सासूबाईंना घरून बोलावलं. त्यांनी वाळलेला, काळवंडलेला अंगठा टेकवला आणि मशीन पहिल्याच फटक्यात वाजलं.

"बघ," म्हणाल्या, "उन्हात वाळलेला आहे."

शुक्रवारी सकाळची सातची गाडी.