सो व्हॉट?

आमच्या शाळेत पुस्तकं विकत घ्यायची नसतात. सप्टेंबरमध्ये मिळतात, जूनमध्ये परत करायची. कव्हरच्या आतल्या बाजूला एक तक्ता छापलेला असतो: नाव, साल आणि पुस्तकाची अवस्था (‘गुड’, त्याखालची पायरी ‘फेअर’). माझ्या वाट्याला आलेल्या शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वर आधीच्या सात जणांची नावं होती, सातही वेगवेगळ्या अक्षरांत. आठवी मी. अवस्थेच्या रकान्यात बाईंनी ‘गुड’ लिहिलं आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं, “ॲनोटेट करून आणा.” म्हणजे वाचताना जे सुचेल ते समासात लिहायचं. पुस्तक शाळेचं म्हणून चिकटचिठ्ठ्यांवर.

मी सातारची. आठवीपर्यंत तिथं सेमी-इंग्रजीत होते, नववीला न्यू जर्सीत एडिसनला आले. आमच्या घरी पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करायचा. पेनानं पुस्तकात काही लिहिलं तर आजी म्हणायची, “पुस्तक आहे की भिंत?” इथं कोरं पुस्तक परत आणलं तर मार्क कापतात. पहिल्या वेळी मी भीतभीत चार चिठ्ठ्या लावल्या. शेजारच्या मुलीच्या पुस्तकाला पिसारा फुटला होता.

नववीतलं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नाही अशांच्या वर्गात होते, क्रियापदं सुधारली, उच्चार बिघडले. दहावी बरी गेली. खरी गंमत अकरावीत सुरू झाली.

अकरावीला ‘द ग्रेट गॅट्सबी’ होती, १९२५ ची कादंबरी. त्यातला गॅट्सबी रात्री पाण्याच्या काठावर उभा राहून पलीकडच्या धक्क्यावरच्या एका हिरव्या दिव्याकडं हात पसरतो. पलीकडं त्याच्या जुन्या प्रेयसीचं, डेझीचं घर आहे. मी निबंधात लिहिलं, ‘हिरवा दिवा हे गॅट्सबीच्या आशेचं आणि अमेरिकन ड्रीमचं प्रतीक आहे.’ इंटरनेटवर हेच असतं. सातारला या वाक्याला पैकीच्या पैकी मिळाले असते, खाली अधोरेखितही केलं असतं. पेपर परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं दोनच शब्द होते: ‘सो व्हॉट?’

मग काय? बरं, प्रतीक आहे. मग?

मला ते अपमानासारखं वाटलं. उत्तर तर बरोबर होतं! मधल्या सुट्टीत मी बाईंकडं गेले. (इथं त्यांना आडनावानं हाक मारतात, पण माझ्या डोक्यात त्या ‘बाई’च आहेत.) त्यांनी मला काहीच समजावून सांगितलं नाही, फक्त विचारत राहिल्या. दिवा कुठं आहे? बघतंय कोण? दिवसा दिसतो का तो? मधलं पाणी रुंद असतं तर? नसतंच तर? घरी येताना लक्षात आलं की दिव्याचा अर्थ काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

आमच्याकडं कवितेखालचा ठरलेला प्रश्न असतो: ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ म्हणजे कवीला काहीतरी म्हणायचं होतं, ते सरळ म्हणता आलं नाही म्हणून त्यानं कविता केली, आणि आता आपण त्याच्या वतीनं दोन-तीन वाक्यांत म्हणून टाकायचं. यात मी हुशार होते. ही हुशारी सोडायला मला दीड वर्ष लागलं.

बारावीला एपी लिटरेचर घेतलं, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा विषय. इथं महिन्यातून दोनदा खुर्च्या गोल मांडतात. बाई गोलाच्या बाहेर वही घेऊन बसतात आणि तोंड उघडत नाहीत. बोलायचं मुलांनीच. कोण किती बोललं, पुस्तकातली ओळ दाखवून बोललं की हवेत, याची नोंद होते आणि त्यावर मार्क असतात. पहिल्या तीन वेळा मी एक शब्दही बोलले नाही. वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय दोन वळणं पुढं गेलेला असायचा. वर जी मुलं अखंड बोलत होती त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलंही नव्हतं, नुसते सारांश वाचले होते. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

चौथ्या वेळी हॅम्लेटच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या स्वगतावर चर्चा होती. तिसऱ्या अंकातला पहिला प्रवेश. एक मुलगा म्हणाला, मेल्यानंतरच्या देशातून कुणी परत येत नाही म्हणून हॅम्लेट घाबरतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “पण याचे वडील आले होते की!” पहिल्या अंकात बापाचं भूत येऊन याच्याशी बोलून गेलंय, आणि हा म्हणतो कुणी येत नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या रविवारी आजोबांना फोन लावला. आजोबा शाळेत मराठी शिकवायचे. हॅम्लेट म्हटल्यावर ते आधी आगरकरांवर गेले. आगरकर टेंभूचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, आणि आजोबांना ही ओळख सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोल्हापूरच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. तिथं आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं. ‘विकारविलसित’ नावानं ते १८८३ साली आलं. “आणि तू एवढ्या हीटरमध्ये बसून वाचायचा कंटाळा करतेस,” हे ओघानं आलंच.

मग म्हणाले, “तू कर बघू त्या ओळीचं मराठी.”

मी म्हटलं, “मी जगू की मरू, हा प्रश्न आहे.”

“अगं, शिरवाडकरांचे गणपतराव काय म्हणतात ते आठव.”

‘नटसम्राट’ आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. जगावं की मरावं.

“तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?” आजोबांनी विचारलं. नंतर कळलं, त्यांना फक्त लय दाखवायची होती. पण मी अडकले दुसरीकडंच. ‘जगू की मरू’मध्ये ‘मी’ आहे. ‘जगावं की मरावं’मध्ये कुणीच नाही. कुणी जगावं? सांगितलेलंच नाही. मराठीत ‘वं’ लावलं की माणूस वाक्यातून बाहेर पडू शकतो. ‘आता निघावं म्हणते’ असं मावशी म्हणते तेव्हा शेवटच्या ‘म्हणते’मुळं कळतं की ती स्वतःबद्दल बोलतेय. नुसतं ‘आता निघावं’ म्हटलं तर निघायचं कुणी, हे मोघमच राहतं.

फोन ठेवून पुस्तक उघडलं आणि पेन्सिल घेऊन इंग्रजी ‘आय’ शोधायला बसले. तीसेक ओळींचं स्वगत आहे. ‘वी’ आहे, ‘अस’ आहे, ‘हू’ आहे. ‘आय’ नाही. ‘मी’ नाही, ‘मला’ नाही, ‘माझं’ नाही. दोनदा मोजलं. शेवटी ऑफेलिया, त्याची प्रेयसी, दिसल्यावर तिच्याशी बोलताना ‘माय’ येतं, पण तोवर स्वगत संपलेलं असतं. मग मागं गेले, दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या स्वगताकडं. तिथं तो ‘मी’ ‘मी’ करत स्वतःला शिव्या घालतोय. म्हणजे शेक्सपिअरला ‘मी’ लिहिता येत नव्हता अशातला भाग नाही. शिवाय या स्वगतात बापाचा खून नाही, तो करणारा काका नाही, त्या काकाशी लग्न केलेली आई नाही. ज्या भानगडीत हा गळ्यापर्यंत बुडालाय तिचा उल्लेखच नाही.

सो व्हॉट? हे आता मीच मला विचारत होते. रात्री एकला उत्तर लिहिलं: हॅम्लेट इथं स्वतःच्या प्रश्नाला सगळ्या माणसांचा प्रश्न करून टाकतो, कारण सगळ्यांच्या प्रश्नाचं उत्तर उद्या सकाळी त्याला एकट्याला द्यावं लागत नाही. म्हणूनच त्याला बापाचं भूतही विसरता येतं. भूत फक्त याच्याच घरचं आहे ना.

चार पानी निबंध झाला, त्यात अर्धं पान मराठीच्या ‘वं’बद्दल. ते ठेवू की काढू, हे मी आठवडाभर ठरवत होते. ठेवलं. त्या अर्ध्या पानाशेजारी बाईंनी लिहिलं, ‘हे मला माहीत नव्हतं.’ शेवटच्या परिच्छेदाशेजारी मात्र पुन्हा ‘सो व्हॉट?’ होतंच. बरोबर होतं त्यांचं, तो परिच्छेद नुसता भरतीचा होता.

‘नटसम्राट’मधलं एक मात्र खटकत राहिलं, ते लिहिलं नाही. गणपतरावांनाही तो प्रश्न स्वतःचाच आहे, तरी ते ‘जगावं’च म्हणतात. मग मराठीत तो पळ काढणं आहे की सभ्यता? आजोबांशी यावर अजून भांडण चालू आहे.

एपीच्या परीक्षेबद्दल सांगायलाच हवं, कारण जूनमध्ये सगळे तेवढंच विचारतात. एका तासात ५५ वस्तुनिष्ठ प्रश्न, मग दोन तासांत तीन निबंध: एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर, एक आपण निवडलेल्या साहित्यकृतीवर. प्रत्येक निबंध सहा गुणांचा: मुद्द्याला एक, पुरावे आणि त्यांचं विवेचन यांना चार, आणि शेवटचा एक कशासाठी ते धड कुणालाच सांगता येत नाही. आधी कधीही न वाचलेली कविता आणि हातात चाळीस मिनिटं. तेवढ्यात कविता समजत नाही, तिचा पंचनामा होतो. मार्चपासून वर्गातल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य सारखंच व्हायला लागलं: ‘कवी अमुक प्रतिमा वापरून तमुक भाव व्यक्त करतो.’ हे ऐकून मला सातारचं गाईड आठवलं. इथं फक्त ते छापत नाहीत. मीही तेच वाक्य वापरलं. मार्क हवे होते.

पेपर झाल्यावर आजोबांचा फोन आला. “सगळे प्रश्न सुटले का?” मी म्हटलं, “सुटायचे नव्हतेच, लिहायचे होते.” ते म्हणाले, “म्हणजे अवघड गेला.” निकाल जुलैत आहे.

गेल्या शुक्रवारी पुस्तक परत केलं. आदल्या रात्री चिठ्ठ्या काढत बसले, ९३ निघाल्या. पहिल्या चार कोणत्या ते अक्षरावरून ओळखू आलं, अगदी नीट, शाईच्या पेनानं लिहिलेल्या. ‘टू बी’च्या पानावर डिंकाचे डाग राहिले आणि एका ‘वी’भोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ खोडूनही पुरतं गेलं नाही. बाईंनी पुस्तक चाळलं, त्या पानावर थोड्या थांबल्या आणि माझ्या नावासमोर लिहिलं: ‘फेअर’.