आमची वाटचाल : दिव्यांकडून डोसकडे

सुरुवातीला आमच्या फर्मचं काम साधं होतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेवटी यूव्हीचा, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, चेंबर बसवायचा, दिवे लावायचे, फीकल कॉलिफॉर्मचा (विष्ठेतल्या जिवाणूंचा) रिपोर्ट चांगला आला की काम संपलं. रिपोर्ट चांगलाच यायचा, कारण त्यातला मुख्य जिवाणू, ई. कोलाय, यूव्हीपुढे लवकर मान टाकतो. चौरस सेंटीमीटरला दहाएक मिलीज्यूल डोस, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा, मिळाला तरी त्याची संख्या हजारपटीने खाली येते. त्या रिपोर्टवरून विषाणूंबद्दल मात्र काहीच कळत नाही, आणि पुढचं आमचं बहुतेक काम याच एका गोष्टीमागे गेलं.

सगळ्यांत चिवट ॲडिनोव्हायरस. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००६ च्या पिण्याच्या पाण्याच्या नियमात चार लॉग घट, म्हणजे दहा हजारांतला एकच उरणं, यासाठी क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला २२ मिलीज्यूल पुरतात. विषाणूंना १८६ लागतात. हा आकडा ॲडिनोव्हायरसकडे बघूनच ठरला. त्याच तक्त्यात विषाणूंच्या एका लॉगला (दहातला एक उरायला) ५८ आहेत. म्हणजे ३०-४० मिलीज्यूलवर बेतलेल्या चेंबरात एक लॉगही धरता येत नाही. ॲडिनोव्हायरसचा डीएनए दुपदरी असतो. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश त्या डीएनएत गाठी पाडतो, पण बाहेरचं प्रथिनांचं कवच बरंचसं शाबूत राहतं. विषाणू पेशीत शिरतो आणि पेशीचीच दुरुस्ती यंत्रणा वापरून डीएनए सांधून घेतो. मध्यम दाबाचे दिवे इतर तरंगलांबीही देतात, त्यामुळे प्रथिनांनाही इजा होते आणि कमी डोसात भागतं. पण वीज जास्त लागते आणि तापलेल्या स्लीव्हवर, म्हणजे दिव्याभोवतीच्या पारदर्शक नळीवर, थर लवकर धरतो.

दिव्यांची संख्या वाढवणं हा सुचणारा पहिला उपाय. तो बहुधा चुकीचा. आधी पाण्याची पारगम्यता, म्हणजे यूव्हीटी, मोजावी. ती सेंटीमीटरला ५५ टक्के असेल तर स्लीव्हपासून पाच सेंटीमीटरवर अवघा ५ टक्के प्रकाश पोचतो. ७० टक्के असेल तर सुमारे १७. फॉस्फरस काढायला फेरिक क्लोराइड जास्त पडलं, की विरघळलेलं लोह हा प्रकाश खातं आणि स्लीव्हवर तांबूस थरही चढवतं. तो थर नुसत्या फडक्याने निघत नाही, सायट्रिक ॲसिड लागतं. नुसता स्लीव्ह पुसणारा वायपर फिरतोय म्हणून स्लीव्ह स्वच्छ आहे असं समजू नये; एक स्लीव्ह काढून उजेडात धरून बघावी.

दुसरी अडचण गाळाच्या कणांची. कणाच्या आत दडलेल्या विषाणूला डोस पोचतच नाही, मग दिवे दुप्पट केले तरी आकडा एका पातळीवर अडून बसतो. तिथे आधी फिल्टर, मग यूव्ही. आमच्या कोटेशनमध्ये म्हणूनच फिल्टरची ओळ दिव्यांच्या वर असते. ग्राहकाला ते खर्च वाढवणं वाटतं, पण त्याला इलाज नाही.

तपासणीतही घोळ होतो. यूव्हीनंतरच्या नमुन्यात पीसीआरला विषाणू सापडला म्हणजे तो जिवंत आहे असं नव्हे. पीसीआर जनुकाचा छोटा तुकडा शोधतं, आणि तो तुकडा निकामी विषाणूतही शाबूत असू शकतो. संसर्गक्षमता बघायची तर पेशींवर वाढवून बघावं लागतं, आणि ते महाग व वेळखाऊ. रोजच्या कामाला एमएस-२ हा जिवाणूभक्षी विषाणू सोयीचा. त्याची एक लॉग घट व्हायला साधारण २० मिलीज्यूल लागतात, त्यामुळे चेंबरमधला खरा डोस त्यावरून काढता येतो. ॲडिनोव्हायरस त्याहून चिवट, हे मात्र हिशेबात धरायचंच.

आता आम्ही डोस काढताना तीन वाईट गोष्टी एकदम घडतील असं धरतो : सर्वांत कमी यूव्हीटी, सर्वाधिक प्रवाह आणि आयुष्य संपत आलेला दिवा. जुना दिवा निळसर पेटलेला दिसतोच, २५४ ची ताकद उतरलेली डोळ्यांना दिसत नाही. वीज जाऊन परत आली की दिव्याला पूर्ण ताकदीवर यायला काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळातलं पाणी तसंच पुढे जाऊ नये म्हणून चेंबरनंतर वळवणीचा व्हॉल्व्ह असतो, आणि तो सेन्सरच्या आकड्यावर चालतो, टायमरवर नाही.