आमची वाटचाल : आधी विचारायचं, मग हात लावायचा

ठाण्यात, नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, दोन बेड जेमतेम मावतील असा तळमजल्यावरचा गाळा घेऊन आम्ही 2013 मध्ये पार्लरची सुरुवात केली. हेअरकट नाही, मेंदी नाही, साडी नेसवणं नाही. फक्त त्वचेचं काम. "मग चालणार कसं?" असं गाळ्याच्या मालकांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारलं. रास्तच होतं. म्हणून थ्रेडिंग आणि वॅक्सिंग ठेवलं. आजही महिन्याचं लाइट बिल त्याच्यावरच निघतं, उगाच नाक कशाला मुरडा.

त्याआधी मी एका मोठ्या पार्लरमध्ये नोकरी केली. तिथे सकाळी टार्गेट सांगायचे: आज इतकी गोल्ड फेशियल गेली पाहिजेत. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर पिकलेले पिंपल्स असले तरी स्क्रब घासायचा, मसाज करायचा, वाफ द्यायची. पिकलेल्या पिंपल्सवर घासलं की ते आणखी चिडतात आणि मागे काळे डाग राहतात, हे मला तेव्हाच शिकून ठाऊक होतं. पण बोलायची सोय नव्हती. स्वतःचं काढायचं ठरलं ते तिथेच.

या कामाचं शिक्षण किती, हे आजही मुलींचे आईवडील येऊन विचारतात. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. खासगी संस्था तर पावलोपावली आहेत, त्यात आठ दिवसांत सर्टिफिकेट देणारेही आले. वरच्या टोकाला 'सिडेस्को'सारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा, त्याला किमान 1200 तासांचं प्रशिक्षण लागतं. मी दादरला शिकले. त्वचेचे थर, स्नायू, रक्ताभिसरण, निर्जंतुकीकरण, कोणत्या मशीनचा करंट कोणाला चालत नाही, असं सगळं वहीत उतरवून पाठ केलं. त्या वह्या अजून काउंटरच्या खणात आहेत. नवीन मुलीला पहिल्या आठवड्यात त्याच वाचायला देते, आणि मुली कंटाळतात.

कामाला लावताना पहिले काही आठवडे चेहऱ्याला हात लावू देत नाही. ब्लॅकहेड्स काढायची सळी धुवायची, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर 15 मिनिटं ठेवायची, नॅपकिन उकळायचे, आणि शेजारी बसून मी काय विचारते ते ऐकायचं. कारण आमच्याकडे फेशियलच्या आधी फॉर्म भरून घेतात. कोणती औषधं चालू आहेत? रात्री चेहऱ्याला काय लावता? दिवस गेलेत का? पिंपल्सची आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू असेल तर वॅक्स करत नाही. त्वचा सोलून येते. गोळी बंद केल्यावरही सहा महिने थांबायला सांगतो. सुरुवातीला बायका वैतागायच्या. "अगं, फेशियल करायला आलेय, पासपोर्ट काढायला नाही," असं एका काकूंनी ऐकवलं होतं.

पण खरी माहिती फॉर्मच्या 'रात्री काय लावता' या रकान्यात निघते. कळव्याची एक मुलगी लग्नाला दीड महिना असताना पॅकेज ठरवायला आली. सोबत आई. चेहरा दिसायला गोरापान, गुळगुळीत. भिंगाच्या दिव्याखाली बघितलं तर गालांवर बारीक लाल शिरांची जाळी, त्वचा कागदासारखी पातळ, हनुवटीवर बारीक लव. विचारलं तर म्हणे, "काही नाही ताई, साधी क्रीम." पर्समधून काढायला लावली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब. मैत्रिणीनं सांगितली, मेडिकलवाल्यानं दिली, दोन वर्षं रोज चालू. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कागदावर.

अशा चेहऱ्यावर आम्ही काहीच करत नाही. ना पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर उतरवणं), ना ब्लीच, ना वाफ. क्रीम एकदम सोडली तर चेहरा लालबुंद होऊन पिंपल्स उसळतात, म्हणून ती कशी सोडायची हेही त्वचारोगतज्ज्ञच ठरवणार. आई चिडल्या. "पैसे देतोय ना आम्ही?" म्हणाल्या. पॅकेज मोठं होतं, आणि महिना पितृपक्षाचा, दुकानात माशा मारायची वेळ. तरी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. मुलगी गेली डॉक्टरांकडे. लग्न ठरल्या दिवशी झालं, मेकअप दुसरीकडे झाला, आम्हाला त्यातून रुपया मिळाला नाही. पुढे त्याच डॉक्टरांकडून पेशंट यायला लागले: उपचार झालेत, आता साधं क्लीनअप करून घ्या, म्हणून. आमचा निम्मा धंदा आज त्या वाटेनं येतो.

आपली हद्द कुठे संपते हे कळणं हाच या कामातला अवघड भाग आहे, मशीन कोणीही शिकतं. सुई डॉक्टरची, औषधाची चिठ्ठी डॉक्टरची. बोटॉक्स करता का म्हणून आठवड्याला फोन येतात, नाही म्हणून सांगतो.

आपल्या सावळ्या कातडीचं गणितही वेगळं. परदेशी पुस्तकात त्वचेचा रंग आणि उन्हाचा परिणाम बघून केलेल्या फिट्झपॅट्रिकच्या सहा प्रकारांत आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. उन्हानं पटकन भाजत नाही, पण जरा दुखावली की काळी पडते. म्हणून ग्लायकोलिक पील करताना टक्केवारीइतकंच पीएचकडे, म्हणजे आम्ल किती तीव्र आहे त्याकडे बघायचं, घड्याळ लावायचं आणि वेळ झाली की लगेच न्यूट्रलाइज करायचं, म्हणजे आम्लाचा जोर मारायचा. त्या दोन-तीन मिनिटांत मी फोन उचलत नाही, सासूबाईंचाही नाही. नवऱ्या मुलींना पील लग्नाच्या तोंडावर नाहीच. सोललेल्या त्वचेवर हळद लागली की आग आग होते, आणि हळदीच्या दिवशी नको म्हणणार कोण?

वांग घेऊन येणाऱ्यांना आम्ही 'जाईल' असं सांगत नाही. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू येतात. दिवसभर तव्यासमोर उभ्या. ऊन लागत नाही तरी वांग का वाढतोय, हा त्यांचा प्रश्न. उष्णतेनंही तो चाळवतो आणि नुसत्या उजेडानंही, म्हणून त्यांना आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन सुचवलं आणि तव्याशेजारी पंखा लावायला सांगितला. फेशियल विकलं नाही. भाजी मात्र अधूनमधून येते.

लॉकडाऊनमध्ये आमची फार चमत्कारिक अवस्था झाली. 28 जून 2020 पासून राज्यात सलून-पार्लर उघडायला परवानगी मिळाली, पण केस, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच. त्वचेचं काम बंद. म्हणजे आमचं मुख्य काम सोडून बाकी सगळं चालू! ते चार दिवस थ्रेडिंग केलं, तोवर 2 जुलैला ठाण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. मालकांनी निम्मं भाडं पुढे ढकललं, ते उपकार विसरणार नाही. मुलींना अर्धा पगार दिला, त्यासाठी बांगड्या ठेवाव्या लागल्या.

पैशाचं म्हणाल तर शिकाऊ मुलीला पगार बेताचा. हात बसला, नावानं विचारणारे ग्राहक झाले, की कमिशन धरून बरं सुटतं. कंबर आणि मनगट मात्र आधी जातं; बेडची उंची आपल्या मापानं करून घ्या, असं मी प्रत्येकीला सांगते. उलाढाल 20 लाखांवर गेल्यावर जीएसटी आला. सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वरून 5 टक्क्यांवर आला, ग्राहक खूश. पण इनपुट क्रेडिट गेलं, त्यामुळे नव्या मशीनवर भरलेला कर आता आमच्याच माथी. सीएंनी समजावलं तेव्हा खुशी जरा उतरली.

घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या बाजूला दुसरी शाखा काढा, असं तिकडून येणारे ग्राहक सारखं म्हणतात. गाळाही बघून ठेवलाय, भाडं ओढाताण करून परवडेल. अडलंय ते माणसावर. फॉर्म वाचून, पॅकेज घ्यायला आलेल्या ग्राहकाला मला फोन न करता परत पाठवू शकेल अशी मुलगी तिथे बसवायची आहे. दोघी तशा तयार होत आल्यात. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर आहे, जानेवारीत परत येते. तिथल्या गाळ्याच्या मालकांना तोपर्यंत थांबा म्हटलंय.