पन्हाळ्याच्या उतारावर एक रिसीव्हर हवा

आमच्या मोजणीच्या कामात साखळी आता कुणी फारशी बाहेर काढत नाही. करवीर तालुक्यातल्या रानात रोव्हर, म्हणजे काठीवरचा उपग्रहांचे संदेश टिपणारा रिसीव्हर, उभा करायचा, मोबाइलच्या इंटरनेटवरून कॉर्स स्टेशनकडून मोजणीतली चूक काढणारे आकडे घ्यायचे, ‘फिक्स’ आला, म्हणजे जागा पक्की ठरली, की हद्दीच्या दगडाची जागा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाची ही स्टेशनं, म्हणजे पक्क्या पायावरचे अँटेना, दिवसरात्र उपग्रहांचे संदेश टिपत असतात.

आम्ही त्यांना स्थिर धरतो, पण तीही सरकतात. आपली अख्खी भूमी वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चालली आहे. रोव्हरही तिच्याबरोबरच जातो, म्हणून बांध जागेवर राहतो. मात्र स्टेशनची २४ तासांची नोंद एकत्र सोडवली की त्याची जागा काही मिलिमीटरपर्यंत कळते, आणि असे रोजचे ठिपके वर्षानुवर्षं मांडले की जमिनीची चाल उमटते. २०११ च्या भूकंपात जपानमधलं ओशिकाचं स्टेशन ५ मीटरहून जास्त पूर्वेला सरकलं, १ मीटरहून जास्त खचलं. हे सगळं तिथल्या अशाच जाळ्यात नोंदलं गेलं.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. तरी दर पावसाळ्यात मला धास्ती असते ती डोंगराची. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला चढणारा रस्ताच खचला. गडाच्या माथ्यावर जांभा आहे. त्याच्या भोकांतून पाणी झिरपतं, खालची माती भिजून जड आणि निसरडी होते. ही हालचाल दूरच्या पक्क्या स्टेशनला दिसणार नाही. रिसीव्हर त्या उतारावरच हवा, आकाश मोकळं असेल अशा जागी, आणि त्याचं अंतर खालच्या पक्क्या बिंदूपासून सतत काढत राहायला हवं. शेजारी पर्जन्यमापकही पाहिजेच. काही दरडी क्षणात कोसळतात, त्या यात सापडणार नाहीत. पण जो उतार आधी हळूहळू सरकतो आणि मग वेग घेतो, त्याचा वेग वाढताना आकड्यांत दिसतो. तेवढ्यात रस्ता बंद करता येतो, खालच्या वस्तीला हलवता येतं.

रिसीव्हरचा खांब उन्हाळ्यातच रोवायला हवा. काँक्रीट बसायला वेळ द्यावा लागतो, आणि कोरड्या दिवसांतली जागा नोंदलेली नसेल, तर जुलैतला आकडा कशाशी ताडून बघणार?