रिप्लाय ऑलचा प्रताप

आज वंशावळीच्या मेलवर माती खाल्ली. काकांनी पणजोबांच्या भावंडांची यादी सगळ्या भाऊबंदांना पाठवलेली, त्यात दोन भाऊ चार महिन्यांच्या अंतराने जन्मलेले, मी आपलं चुलतबहिणीला लिहिलं की काकांनी परत घोळ घातलाय बघ, आणि ते गेलं सगळ्यांना, खुद्द काकांनाही! बघते तर जीमेलच्या सेटिंगमध्ये डीफॉल्टलाच 'रिप्लाय ऑल', कधी टिक केलं देव जाणे. अनडू सेंडचे ५ सेकंद हसण्यातच गेले (आता ३० करून ठेवलेत). काकांनी मात्र उत्तर फक्त मलाच दिलं, "अगं, त्यातला एक चुलतभाऊ आहे, खालची टीप वाच." आता सॉरी कुणाला पाठवू, काकांना की सगळ्यांना? 🙈